चहावाल्या धड्याचं लेबल

...नाई, मले एक सांगा! 'पोळी' लिहून शोधलं त् पोळी भेटाले पायजे का नाई? साधी गोष्ट हाये! मानसाले पोळी पायजे, तो पोळी लिहिते. पण मी पोळी लिहिलं त् त्या शाळेच्या धड्यांच्या पोर्टलनं मले काय दाखवलं मालूम हाये? गव्हावरचा तांबेरा रोग! इयत्ता बारावी, कृषी! मी म्हटलं, आपलंच चुकलं असन, नीट लिहू, 'पोळीचा धडा' लिहिलं, त् म्हणते 'पोषण आहार : कर्बोदके : प्राथमिक ओळख'. बरं, मंग 'चहा' लिहिलं, त् आसामातले मळे! बाया पाठीवर टोपल्या घेऊन पानं खुडून राहिल्या, मागं बासरी वाजून राहिली... मी त्याइले म्हटलं, बायांनो, तुमी चांगल्याच असान, तुमचं काम बी कष्टाचं हाये, पण मले माही बायको पायजे!

हासू नका जी. खरंच सांगतो. माही बायको त्या पोर्टलवर हाये. आमची पोरगी डिंपल म्हणते हाये, भंडाऱ्याच्या मॅडम म्हणते हाये, मशीन बी म्हणते हाये. हाये ना जी, तिथंच हाये! फक्त भेटत नाई.

थांबा, मी मधातूनच सुरू झालो. मी तुलाराम, कोंढ्याचा. नोकरी सारी वरठीच्या कारखान्यात केली, स्टोअरकीपर, म्हणजे सामान ठेवाचं, सामान काढून द्याचं, अन् शिव्या खाच्या. अन् आमच्या घरची मास्तरीण होती. सत्यभामाबाई. घेतलं पाहा नाव! ती असती त् डोळे वटारले असते, "चार लोकांत नाव कायले घेता जी?" आमच्यात नाई घेत. मी 'डिंपलची आई' म्हणतो, ती मले 'डिंपलचे बाबा' म्हणे, अन् डिंपल नोती तेव्हा आमी एकमेकांले 'अवो' अन् 'ऐकलं का' म्हणत होतो, काम चालत होतं. आता हे मी त्या पोर्टलले बी करून पाह्यलं बरं का! शोधाच्या डब्यात लिहिलं, 'डिंपलची आई'. मशीन गोल गोल फिरलं, फिरलं, बिचाऱ्यानं खूप मेहनत केली... अन् म्हणते 'शून्य निकाल'.

त् झालं असं, कोरोनाच्या बंदीत शाळा बंद पडल्या, अन् वरून हुकूम आला का मास्तरांनो, घरूनच शिकवा, मोबाईलवर धडे भरा. बाकीचे मास्तर घाबरले. आमची नाई घाबरली. तिनं काय केलं, धानाच्या पोत्यावर पोतं, त्याच्यावर पाट, पाटावर पायली उलटी, अन् पायलीले टेकून मोबाईल! अलमारीच्या पाठीवर खडूनं लिहाचं. अन् मले फर्मान... पंखा बंद. रेडिओ बंद. कोंबड्या खुराड्यात. "अन् तुमी जी, तिथं कोपऱ्यात बसा, हालू नका, खोकलू नका." मी म्हटलं, श्वास घेऊ का? म्हणे, "हळूहळू घ्या."

अन् त्या दिवशी अपूर्णांकाचा धडा होता. तिनं दोन पोळ्या केल्या, खऱ्याच, तव्यावरच्या, अन् मोबाईलसमोर धरून सांगे, "पाहा लेकरांनो, या पोळीचा अर्धा तुकडा घेतला. त्या पोळीचे तीन हिस्से केले, त्यातला एक घेतला. आता दोन्ही मिळून किती पोळी झाली? सांगता येते? नाई येत! काहून? तुकडे लहान-मोठे हायेत. मंग काय कराचं? दोन्ही पोळ्यांचे सहा सहा सारखे तुकडे कराचे. तुकडे सारखे केल्याबिगर जोडता येत नाई." एवढं मन लावून सांगून राहिली होती ना... अन् मी इकडं कोपऱ्यात चहा बशीत ओतला होता. आता बशीतला चहा कसा पेतात? आवाजाबिगर पेता येते? तुमी पेऊन पाहा! मी ओढला... सुर्रर्र! अन् ती धड्यातून, चालू रेकॉर्डिंगमधून, हातात सहावा तुकडा धरून माह्याकडं वळली, "हळू घ्या ना जी चहा! अख्खं कोंढा ऐकून राहिलं!"

अन् मंग तिले हासू आलं. पदर तोंडाले लावला, पण हासू काई थांबेना, खांदे हालून राहिले, डोळ्यांत पाणी आलं. मंग पदर बाजूले केला, गळा साफ केला, "हं, त् लेकरांनो, कुठं होतो आपण?" बस. एवढंच. पुढं धडा सुरू.

मी म्हटलं, अवो, ते तेवढं काढून टाका, लोकं काय म्हणतीन! म्हणे, "कायले? पुन्यांदा पोळ्या कोण करन? अन् पोट्ट्यांले बी कळू द्या, मास्तरीणच्या घरी बी मानसं चहा पेतात." अन् पाठवला तसाच! अन् सारा गाव येडा झाला जी त्याच्यापायी. बाकीचे धडे पोट्टे पाह्यत का नोते पाह्यत देव जाणे, पण हा सारे पाह्यत. आया पाह्यत, आज्या पाह्यत. 'चहावाला धडा' म्हणत त्याले. मी बाबूलालच्या हॉटेलात गेलो, कप उचलला, का साऱ्या बाकड्यावरून आवाज, "हळू घ्या ना जी!" माही इज्जत पार गेली. पण तुमाले सांगतो, त्या वर्षी कोंढ्याच्या एकाही पोट्ट्याची अपूर्णांकाची बेरीज चुकली नाई. डिंपलची आई म्हणे, "तुमच्या चहाचा एवढा उपयोग जिंदगीत पयल्यांदाच झाला."

आता ती नाई.

शाळेतून आली, पाणी प्याली, म्हणे जरा छाती भरून आली, पडते थोडी. बस... काही त्रास नाई दिला कोणाले. मले बी नाई. दिला असता त् बरं झालं असतं, मानसाले निदान धावपळ त् करता येते.

मंग मी काय करत होतो, तिचा मोबाईल होता माह्यापाशी. दुपारी चहा कराचा, बशीत ओताचा, अन् तो धडा लावाचा. अर्धी पोळी... तीन हिस्से... सहा तुकडे... मले बरोबर मालूम होतं कुठं येते ते, अन् मी बरोबर तिथंच सुर्रकन ओढाचो. अन् ती बोले, "हळू घ्या ना जी चहा!" रोज! तुमी म्हणान याचं डोस्कं फिरलं. फिरू द्या ना! घरात एक मानूस असन त् त्याले कोणी बोलाले नको का? डिंपल फोन करते नागपूरवरून, पण ती गोड बोलते. "बाबा, जेवलात का? बाबा, गोळी घेतली का?" गोड बोलणं त् कोणी बी बोलते जी. चहावरून बोलणारं मानूस एकच राह्यते.

अन् गेल्या साली मी आमच्या बोडीवर गेलो, धानाले पाणी लागते का नाई पाहाले, बोडी म्हणजे आमचं बारकं तळं, तिथं पाय धुवाले वाकलो, अन् वरच्या खिशातून मोबाईल... डुबुक. उडी मारली जी मी! या वयात! चिखल चिवडला, गोमाजीले बलावलं, त्यानं जाळं टाकलं. दोन मासोळ्या आल्या अन् मोबाईल बी आला. पण मेलेला. रिपेरवाल्यानं उघडला त् आतून शिंपला निघाला.

डिंपल म्हणे, "बाबा, रडू नका, व्हॉट्सॅपवर असेल ना, आईने तुम्हालाही पाठवला असेल." खरंच जी! माह्या मोबाईलात पाह्यलं, हाये! धुरकट फोटो दिसून राहिला, तिचा हात, हातात पोळी. मी बोट दाबलं. त् काय लिहून आलं मालूम हाये? 'ही फाईल उपलब्ध नाही. कृपया पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवण्यास सांगा.'

पाठवणाऱ्याले सांगा म्हणते!

कुठं सांगू जी? कोणत्या नंबरावर सांगू?

गावात विचारत फिरलो. बाबूलाल म्हणे, "होता ना काका माह्यापाशी, पण मोबाईल फुल झाला त् उडवला." साऱ्यांनी उडवला. लोकांचं काई चुकलं नाई, लोकांले काय मालूम का हा म्हातारा त्याच्यावर जगून राहिला. मंग डिंपलले आठवलं, "बाबा! आईने सगळे धडे ज्ञानकोठारला दिले होते ना! तिथे कायमचे असतात!" ज्ञानकोठार म्हणजे एक संस्था हाये भंडाऱ्याले, त्याइचं पोर्टल. साऱ्या मास्तरांचे धडे त्याइनं गोळा केले. मले असा आनंद झाला, म्हटलं कोठार हाये, आमी धानवाले मानसं, कोठारात ठेवलेलं कुठं जाते? हाये ना जी, तिथंच हाये! फक्त भेटत नाई.

काहून भेटत नाई? लेबल! डिंपलच्या आईनं देताना त्याच्यावर लेबल लावलं होतं, 'पोळीचा धडा'. सुटसुटीत. कोणाले बी समजन. पण संस्थेत म्हणे एक दिवस ठरलं का साऱ्या धड्यांले मानक नावं द्याची. त् पोळीचा धडा कोण झाला? 'परिमेय संख्या : संक्रिया : भिन्नच्छेदी अपूर्णांकांची बेरीज : दृक्-श्राव्य'. ऐका! पोळी कुठं हाये याच्यात? तवा कुठं हाये? अन् असे शेकड्यानं धडे, साऱ्यांचं नाव तेच! अन् वरचं चित्र बी तेच, संस्थेचा दिवा, अन् मास्तराचं नाव टाकून शोधाची सोयच नाई! मी एक एक उघडला जी. एका मास्तरानं सफरचंद कापलं, एकानं केक, एक त् नुसताच फळ्याकडं तोंड करून बोलून राहिला, त्याचं डोस्कंच दिसते. प्रत्येक वेळी दिवा दाबताना वाटे, आता येईन ती... अन् निघे कोणी मिशीवाला.

डिंपल म्हणे, "बाबा, फिल्टर लावा ना फिल्टर!" लावले फिल्टर. त् तो मलेच प्रश्न विचारून राहिला! 'आंतरक्रिया पातळी निवडा.' म्हणजे? डिंपल म्हणे, "म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा यांचं किती बोलणं होतं." मी म्हटलं, भरपूर होते, धडा सोडून दुसऱ्यांसोबत बी होते. लावलं 'उच्च'. 'आशयघनता निवडा : कमी, मध्यम, जास्त.' आता आमच्या घरच्या मानसाची आशयघनता मले विचारता? जास्त! जास्तच होती जी! एका वाक्यात चहा बी येई, कोंढा बी येई, अन् नवऱ्याची अख्खी किंमत बी येई. लावलं 'जास्त'. 'अपेक्षित अध्ययनकाल'... तीस-पस्तीस वर्षं संसार केला, अन् अध्ययन कुठं पुरं झालं, मलेच मालूम नाई. सारे फिल्टर लावले, अन् मशीन म्हणते 'शून्य निकाल'.

मंग गेलो भंडाऱ्याले. एसटीनं. संस्थेचं ऑफिस पितळी भांड्यांच्या दुकानांच्या मागं हाये, खाली ठोक ठोक चालू, वर एसी चालू. तिथं एक मॅडम, गुंजन मॅडम, आमच्या डिंपलच्याच वयाची. मी रागानंच गेलो होतो. पण पोरगी अशी चांगली निघाली जी, का रागाचं काई करताच नाई आलं! खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणे, "काका, मी तुमची अडचण समजू शकते. पण मेटाडेटा मानकाप्रमाणेच ठेवावा लागतो." मी म्हटलं, मेटाडेटा काय असते जी? म्हणे, "माहितीविषयीची माहिती, काका." मी म्हटलं, ते ठीक हाये, पण मंग माहिती कुठं हाये?

हासली. अन् समजावून सांगतलं तिनं. म्हणे, "काका, एक शिक्षक लिहितात पोळीचा धडा, दुसरे लिहितात केकची गंमत, तिसरे लिहितात चला कापूया. आता कोल्हापूरच्या शिक्षिकेला अपूर्णांक हवा असेल तर तिला कसं कळणार? मानक नाव असलं तर आपल्या कोंढ्याचा धडा कोल्हापुरात सापडतो." अन् बाई खोटं नोती बोलत! मी स्टोअरचा मानूस, मले हे समजते. कारखान्यात ग्रीस भराच्या यंत्राले एक पाळी 'पिचकारी' म्हणे, अन् दुसऱ्या पाळीची पिचकारी म्हणजे तेलाचा डबा! एकदा पिचकारी मागतली, मी भलतीच दिली, अन् मशीन बंद पडलं. तेव्हापासून मी प्रत्येक खणावर वर कंपनीचा कोड लिहाचो, अन् खाली खडूनं कामगार काय म्हणतात ते. साहेब आला त् वरचं वाचे, फिटर आला त् खालचं वाचे, कोणी भांडे नाई.

हे मी मॅडमले सांगतलं. त् ती म्हणे, "अगदी हेच मी बैठकीत मांडलंय काका! दिसायला सोपं नाव आणि आतून मानक नाव. वरिष्ठांनी मंजूर केलंय, फक्त एवढे धडे आहेत की कोणापासून सुरुवात करावी कळत नव्हतं." मी म्हटलं, मंग माह्यापासून करा! अन् ती म्हणे, "तुमच्यापासूनच करूया."

तिनं मशीनमधे काई आकडे टाकले. म्हणे, "शिक्षिकेचं पूर्ण नाव?" आता आली ना पंचाईत! परक्या पोरीसमोर, ऑफिसात, एसीत बसून बायकोचं नाव घ्याचं! मी म्हटलं, लिहून देतो. लिहून देलं. मशीननं लगेच काढलं, 'निर्माता : सत्यभामाबाई', अन् बाजूले लाल अक्षरात, 'स्थिती : निष्क्रिय'.

निष्क्रिय! ते बाई, जी... पहाटे उठून सडा घाले, डबे करे, शाळेत जाये, आल्यावर निंदणाले जाये, पोट्ट्यांच्या वह्या तपासता तपासता वरण फोडणीले टाके. मले म्हणा ना निष्क्रिय! मी बसलो होतो कोपऱ्यात चहा पेत! मॅडमले बी कसंनुसं झालं. म्हणे, "माफ करा काका, ते... यंत्रणेत दोनच पर्याय आहेत." मी म्हटलं, आमच्या बी यंत्रणेत दोनच हायेत, तुमी वाईट वाटून घेऊ नका.

अन् मंग तिनं धडा लावला.

आवाज आला जी. "नमस्कार लेकरांनो..." एवढ्या महिन्यांनी. मी टेबल धरलं. मले वाटलं आता चहा येईन, ती बोलन, अन् मी इथं या पोरीसमोर रडन. म्हटलं, बंद करा मॅडम, बंद करा, हाच हाये, बरोबर हाये. तिनं बंद केला. म्हणे, "सोपं नाव काय देऊया, काका?" मी म्हटलं, 'चहावाला धडा'. ती म्हणे, "पण हा तर पोळीचा आहे. चहावाला का?"

आता सांगा, मी काय सांगाचं? का बाई, मी बशीतला चहा ओढला, अन् माही बायको मले रागावली, अन् मंग हासली, अन् तेवढ्यासाठी मी एसटीनं आलो? असं कोणी सांगते का ऑफिसात? ज्या मानसानं बायकोचं नाव कागदावर लिहून देलं, तो हे तोंडानं सांगन? मी म्हटलं, काई नाई जी, असंच... गावातले पोट्टे म्हणतात.

तिनं लिहून घेतलं. म्हणे, "काका, तुम्ही निश्चिंत जा. सत्यभामाबाईंचा हा धडा मी स्वतः हाती घेते. असा करते की जिल्ह्यात पहिला दिसेल!" मी म्हटलं, करा मॅडम, चांगलाच करा. एसटीत खिडकीजवळ बसून आलो. पवनीकडचा धान पिवळा होऊन राहिला होता. मले किती दिवसांनी भूक लागली.

अन् मंग मॅडमचा फोन. "काका, आनंदाची बातमी! धडा चढला! उत्कृष्ट दर्जाचं चिन्हसुद्धा मिळालं!" मी फोन ठेवला अन् पयले चहा टाकला. बशी धुतली. खिडकी लावली, कोंबड्या कोंडल्या, जुनी सवय. बसलो कोपऱ्यात. शोधाच्या डब्यात लिहिलं 'चहा'...

पयलाच! आसामाच्या वर! 'चहावाला धडा (पोळीचा धडा)' मोठ्या अक्षरात, अन् खाली बारीक अक्षरात ते परिमेय-बिरिमेय सारं. वर दिव्याच्या जागी तिचा फोटो, हातात पोळी. अन् नाव, 'सत्यभामाबाई, कोंढा'. ते निष्क्रिय बी काढून टाकलं होतं पोरीनं. खरंच सांगतो, हात जोडले मी मोबाईलले. भेटली जी! भेटली!

लावला. आवाज असा साफ, का बाजूच्या खोलीतून बोलून राहिली! अर्धी पोळी. तीन हिस्से. सहा तुकडे. मी बशी उचलली. आता. आता येते. "तुकडे सारखे केल्याबिगर जोडता येत नाई..." मी ओढला, सुर्रर्र...

"...हं, त् लेकरांनो, कुठं होतो आपण?"

मी मागं नेला. पुन्यांदा लावला. "जोडता येत नाई... हं, त् लेकरांनो." पुन्यांदा. हळू केला, मोठा केला, कानाले लावला. पदर तोंडावरून खाली येऊन राहिला एवढं दिसते, डोळ्यांत पाणी बी दिसते. काहून आलं ते पाणी, ते नाई दिसत.

फोन केला. म्हटलं, मॅडम, मधात काई... ती खुशीतच बोलून राहिली, "हो काका, लक्षात आलं ना तुमच्या! दर्जाच्या मानकात विषयबाह्य संवाद चालत नाही. तिथे कोणीतरी खूप मोठ्यानं चहा पीत होतं हो, आणि बाई त्याला काहीतरी बोलत होत्या. मी रविवारी घरी बसून ते सगळं काढलं. जोड कळतसुद्धा नाही, नाही का?" मी म्हटलं, नाई जी, बिलकुल कळत नाई. मंग विचारलं, जुना असन ना तुमच्यापाशी, जसाचा तसा? म्हणे, "नाही काका, नवीन आवृत्ती चढली की जुनी आपोआप जाते. पण कशाला हवी? ही किती छान झालीये!"

आता त्या पोरीले काय सांगाचं? रविवार घातला तिनं आपला. परक्या मास्तरीणीसाठी. मी म्हटलं, बेस झालं जी, खूप चांगलं झालं, देव तुमचं भलं करो. अन् फोन ठेवला.

बशीत चहा उरला होता. मी मुद्दाम ओढला, जोरात, जेवढा जमन तेवढा जोरात, साऱ्या कोंढ्यानं ऐकावं असा. कोंबड्या दचकल्या. बाकी कोणी काई म्हटलं नाई.

अन् मोबाईलावर धडा संपला, अन् खाली एक चौकोन आला. 'तुम्हाला हवे होते ते सापडले का? हो / नाही.' मी दाबलं 'नाही'. खरं ते खरं. त् अर्ज उघडला! 'काय हवे होते? प्रकार निवडा : पाठ, स्वाध्याय, चाचणी, इतर.' दाबलं 'इतर'. त् म्हणते, 'वर्णन करा. कृपया मानक शब्द वापरा.'

मी खूप विचार केला जी. तसा स्टोअरचा मानूस हावो, कोणत्या बी वस्तूले नाव देतो. पण तिच्या त्या बोलण्याले मानक शब्द मले नाई आला. मागं आलो, अन् दाबलं 'हो'.

लगेच हिरवी पट्टी आली, 'अभिनंदन! तुमचा शोध यशस्वी झाला आहे.' आता एवढं मोठं मशीन म्हणते झाला, त् झाला असन बापा... आपण एकट्यानं त्याच्यासोबत कायले वाद घालाचा?